सहारहून समुद्रकाठच्या गावी: विमानानंतरचा कोकणप्रवास कसा आखावा

विमानाचे तिकीट काढताना आपण पाच-सहा ठिकाणी भाव बघतो, खिडकीची सीट मिळवतो, जेवण शाकाहारी की मांसाहारी तेही कळवून टाकतो. मुंबईपासून पुढे मालवणला किंवा गुहागरला कसे जायचे, हे मात्र "उतरल्यावर बघू" या खात्यात जमा होते. दुबईहून मुंबईला यायला तीन तास पुरतात, पण सहारच्या विमानतळावरून मालवण गाठायला दहा-बारा तास सहज जातात. म्हणजे लांबचा प्रवास दुसराच आहे आणि तोच बिनआखणीचा राहतो.

कोकणात पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर जाणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. कोणाचे सासर तिकडचे असते, कोणी परदेशात वाढलेले असते आणि आजीचे घर फोटोतच पाहिलेले असते, तर कोणी नागपूर-नाशिककडचे असते आणि यंदाच्या सुट्टीत समुद्र बघायचा बेत असतो. गावचे चाकरमानी हे सारे जाणतातच. त्यांनी फक्त पावसाळ्याचा आणि ड्रायव्हरचा भाग वाचला तरी चालेल.

आधी शेवटचे तीस किलोमीटर ठरवा

आखणी उलटीकडून करा. विमान कुठे उतरते यापासून सुरुवात करू नका. ज्या घराच्या किंवा हॉटेलच्या दारात उतरायचे आहे तिथून मागे या. कारण कोकण रेल्वे समुद्राच्या काठाने धावत नाही. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण सुरू झाला, पण तो डोंगराच्या पायथ्याशी धरून नेलेला आहे. किनाऱ्यावरची बहुतेक गावे स्टेशनपासून पंचवीस ते पन्नास किलोमीटर लांब पडतात. मुंबई ते स्टेशन हा प्रवास कसाही होतो. अडते ते स्टेशनपासून घरापर्यंत, विशेषतः रात्री.

कोणत्या गावासाठी कोणते स्टेशन, याचा ढोबळ हिशोब असा. दापोली, हर्णै, आंजर्ले यांना खेड. तिथून दापोली साधारण तीस किलोमीटर. गुहागर, वेळणेश्वर, हेदवीला चिपळूण. गणपतीपुळे आणि पावस दोन्हींना रत्नागिरी. देवगडला नांदगाव रोड जवळ, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून बहुतेक जण कणकवलीला उतरतात. मालवणला कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली. यांतले कुडाळ सोयीचे, कारण गाड्याही जास्त थांबतात आणि मालवणचा रस्ता तीसेक किलोमीटरचा आहे. वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या बाजूला माणगाव. अलिबागला रेल्वेचा विचारच करू नका, त्याचे पुढे सांगतो.

नावांवरून फसगत होते ती इथेच सांगून ठेवतो. सिंधुदुर्ग नावाचे स्टेशन ओरोसला आहे आणि सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या समुद्रात. स्टेशनावर उतरून "किल्ला कुठे" विचारणारे दर मोसमात भेटतात. मुरुड दोन आहेत: एक जंजिऱ्याजवळचे, रायगड जिल्ह्यात; दुसरे दापोली तालुक्यात. नकाशावर नुसते "मुरुड" टाकून हॉटेल घेतले तर भलत्याच जिल्ह्यात पोचाल. आणि स्टेशनच्या नावापुढे "रोड" दिसला की गाव लांब आहे असे समजावे: राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. सावंतवाडीचे स्टेशन तर मळगावला आहे. रत्नागिरीच्या नावात रोड नाही, तरी तिथलेही स्टेशन शहराच्या बाहेरच आहे.

आता यजमानांना किंवा हॉटेलवाल्यांना फोन करून तीन गोष्टी विचारा. स्टेशनावरून तुमच्याकडे शेवटची एसटी किती वाजता? तुमच्या ओळखीचा रिक्षावाला गाडीच्या वेळेला येईल का, आणि किती घेईल? गाडी दोन तास उशिरा आली तर तो थांबेल का? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण तोच सर्वांत महत्त्वाचा.

गावातली एसटी संध्याकाळनंतर विरळ होते. काही वाड्यांना रात्री फक्त वस्तीची गाडी जाते, म्हणजे जी मुक्कामाला राहते आणि पहाटे परत निघते. ती चुकली तर सकाळपर्यंत दुसरी नाही. शिवाय एसटी स्टँड रेल्वे स्टेशनला चिकटून नसतो, मध्ये रिक्षा करावी लागते. स्टेशनबाहेर रिक्षा असतात, पण लांबच्या गावाला मीटरने कोणी जात नाही. भाडे ठरवून घ्यावे लागते, आणि ते यजमानांनी आधी सांगितलेले असले की घासाघीस होत नाही. ओळखीचा रिक्षावाला असला तर फोनवर "मी भायर उभो आसंय" एवढे ऐकायला मिळते आणि जीव भांड्यात पडतो.

यातून एक वेळ हाती येते: स्टेशनावर उजेडात पोचायचे की अंधारात चालेल. ती वेळ कागदावर लिहा. बाकी सगळे तिच्या मागे चालते.

उतरायचे कुठे

बहुतेकांचे उत्तर मुंबई, आणि आंतरराष्ट्रीय विमानासाठी तिथे सहारचे टर्मिनल २. नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तो पनवेलजवळ, म्हणजे कोकणच्या वाटेवरच. म्हणून तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे तो नीट बघा. मुंबईचा संकेत बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. घ्यायला येणारा माणूस सहारला उभा आणि तुम्ही उलव्याला, असे व्हायला नको.

तळकोकणात, म्हणजे वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, सावंतवाडी किंवा मालवणच्या दक्षिणेला जायचे असेल तर गोव्यातला मोपा विमानतळ आधी तपासा. तो पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे आणि जानेवारी २०२३ पासून चालू आहे. आखातातून तिथे थेट विमाने येतात. तिथून बांदा, सावंतवाडी जवळ पडते, आणि मुंबईपासूनचा अख्खा दिवस वाचतो. तिकीट थोडे महाग पडले तरी मी तिकडचाच सल्ला देईन, लहान मुले किंवा म्हातारी माणसे बरोबर असतील तर नक्कीच. गोव्याचा दुसरा विमानतळ दाबोळीचा. तो दक्षिणेला, तिथून सिंधुदुर्ग बराच लांब. तिकिटावर नुसते "गोवा" वाचून खूश होऊ नका: मोपाचा संकेत जीओएक्स, दाबोळीचा जीओआय.

मोपाहून टॅक्सी काउंटरवरूनच घ्या, आणि मुक्कामाचे गाव महाराष्ट्रात आहे हे आधी स्पष्ट सांगून भाडे ठरवा. गोव्यातून येताना बाटल्यांचा मोह होतो. विनापरवाना दारू सीमेपलीकडे आणता येत नाही आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. ड्युटी-फ्रीची बाटली असेल तर पावती वर ठेवा.

मालवण-वेंगुर्ल्याच्या मधोमध, परुळ्याजवळ चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ आहे. ऑक्टोबर २०२१ ला त्याचे उद्घाटन झाले. तिथल्या सेवा सुरू होतात आणि बंदही पडतात, त्यामुळे आखणीचा पाया चिपीवर बांधू नका. तुमच्या तारखेला विमान असेल तर वरकमाई समजा. आणि मुंबईहून पुढे देशांतर्गत विमान घेणार असाल तर एक लक्षात असू द्या: सगळा प्रवास एकाच तिकिटावर असला तरी सामान साधारणपणे मुंबईलाच ताब्यात घेऊन, कस्टममधून बाहेर आणून पुन्हा द्यावे लागते. दोन विमानांत दीड तासाचे अंतर कागदावर पुरेसे दिसते, प्रत्यक्षात घाम फुटतो.

मध्यरात्रीची तारीख

मुंबईला येणारी बरीच आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात. तिकिटावर "१५ तारीख, ०१:४०" लिहिले असेल तर ती १४ तारखेची रात्र. यजमानांना सांगताना "चौदाची रात्र उजाडता पंधरा" असे सांगा, म्हणजे कोणी एक दिवस उशिरा येणार नाही. हाच गोंधळ रेल्वेतही होतो. दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस रात्री बारा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास निघते. ती "१५ ची तुतारी" म्हणजे १४ ला रात्री जेवून निघायचे. पंधराला संध्याकाळी स्टेशनावर गेलात तर तुमची गाडी सावंतवाडीला पोचून बरेच तास झालेले असतात.

विमान उतरल्यापासून टर्मिनलच्या बाहेर पडेपर्यंत दीड ते दोन तास धरा. रांग छोटी असली तर लवकरही होते, पण लवकर होईल म्हणून तिकीट काढायचे नसते. विमान आणि रेल्वे यांच्यात मी पाच तासांहून कमी अंतर ठेवू देत नाही. विमान उशिरा आले म्हणून चुकलेल्या रेल्वेचे पैसे रेल्वे देत नाही आणि विमान कंपनीही देत नाही. दोन्ही वेगवेगळी तिकिटे आहेत.

मधला टप्पा: रेल्वे

बसता आले तर रेल्वेच. महामार्गाबद्दल पुढे लिहिले आहे ते वाचल्यावर का ते कळेल.

सकाळच्या गाड्या मुंबईहून पहाटे पाच ते सात-साडेसातच्या दरम्यान सुटतात: जनशताब्दी, वंदे भारत, तेजस आणि मांडवी. यांतली मांडवी सर्वांत सावकाश आणि सर्वांत जास्त ठिकाणी थांबणारी. खिडकीतून कोकण बघायचे असेल तर हीच गाडी, आणि तिच्यातल्या खाण्याचे भक्तही पुष्कळ आहेत. वंदे भारत २७ जून २०२३ ला सुरू झाली. ती खेड, रत्नागिरी, कणकवली अशा मोजक्या जागी थांबते आणि रोज नसते. म्हणजे दापोलीकरांना ती उत्तम, मालवणला जाणाऱ्यांना कणकवलीला उतरून चालण्यासारखी, आणि गुहागरवाल्यांच्या काही उपयोगाची नाही.

रात्रीच्या दोन: मुंबईहून अकराच्या सुमारास सुटणारी कोकणकन्या आणि वर सांगितलेली तुतारी. यातली मेख पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. रात्रीची गाडी सिंधुदुर्गासाठी छान आहे, कारण कोकणकन्या कुडाळला सकाळी आठच्या आसपास येते. झोपून उठले की गाव. पण तीच गाडी खेड-चिपळूणला ऐन मध्यरात्रीनंतर पोचते. सामान, मुले आणि पेंगुळलेले डोळे घेऊन तीन वाजता चिपळूणच्या फलाटावर उतरायचे आणि गुहागरची पहिली एसटी निघेपर्यंत बाकावर बसायचे, हा काही प्रवास नव्हे. खेड, चिपळूणला जायचे असेल तर सकाळचीच गाडी घ्या, मग मुंबईत एक रात्र काढावी लागली तरी हरकत नाही.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होते. जुने लोक अजून "चार महिने आधी काढ" म्हणतात, त्यांचे ऐकून आधीच हताश होऊ नका. तात्काळचा भरवसा परदेशातून येणाऱ्याने धरू नये. तो आदल्या दिवशी सकाळी उघडतो, वातानुकूलित वर्गाला दहाला आणि स्लीपरला अकराला. ऑनलाइन तात्काळसाठी जुलै २०२५ पासून आधारशी जोडलेले खाते लागते, आणि तेव्हा तुम्ही बहुधा विमानाच्या दारात असता. परदेशी फोन नंबर आणि परदेशी कार्ड यांनी रेल्वेच्या संकेतस्थळावर खटपट करण्यापेक्षा मुंबईतल्या भावाच्या, मावशीच्या खात्यावरून तिकीट काढून घ्या. प्रवासात ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट चालतो.

वेटिंगचे ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावर पक्के झाले नाही तर आपोआप रद्द होते. "टीसीला भेटून बघू" हा जुना उपाय आता विसरा. आरएसी असेल तर बसायला जागा मिळते, चढा.

सामानाबद्दल थोडे. स्लीपरमध्ये आणि थर्ड एसीमध्ये माणशी ४० किलो सामान चालते. विमानातून दोन मोठ्या बॅगा आल्या असतील तर वजनाचे गणित बसते, पण सीटखाली त्या मावत नाहीत ही वेगळी गोष्ट. कोकणातल्या लहान स्टेशनांवर गाडी दोनच मिनिटे थांबते आणि हमाल मिळेलच असे नाही. आधीचे स्टेशन गेले की बॅगा दारापाशी आणा. आखातातून टीव्हीचा खोका आणणारे अजूनही असतात. त्यांनी मात्र सरळ गाडी करावी.

टर्मिनल २ वरून गाडी पकडायला

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाऊन गाडी पकडायची गरज नसते. कोकणच्या बहुतेक गाड्या ठाणे आणि पनवेलला थांबतात. पहाटेच्या वेळी सहारहून ठाणे अर्ध्या-पाऊण तासाचे, पनवेल तासाभराचे. संध्याकाळी हेच आकडे दुप्पट धरा. तिकीट काढतानाच चढण्याचे स्टेशन ठाणे किंवा पनवेल टाका. तिकीट मुंबईपासून काढून परस्पर पनवेलला चढायला गेलात तर तोवर तुमची जागा दुसऱ्याला गेलेली असू शकते.

दुपारी उतरून सकाळची गाडी असेल तर रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढण्यापेक्षा ठाण्यात किंवा पनवेलला काढा. खोली स्वस्त पडते आणि पहाटे पंधरा मिनिटांत स्टेशन.

मेट्रो ३ ची भुयारी गाडी टर्मिनल २ पासून थेट टर्मिनसपर्यंत जाते. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे. एकट्या माणसाला, एका बॅगेवाल्याला ही मोठीच सोय. पण मेट्रो मध्यरात्री नसते, आणि दादरचे मेट्रो स्थानक रेल्वेच्या फलाटांना लागून नाही. बॅगा ओढत दादरच्या गर्दीतून जाण्याची हौस असेल तरच तिथे उतरा. टॅक्सीसाठी आगमनाच्या दाराजवळचे प्रीपेड काउंटर आहे. अ‍ॅपवरून गाडी मागवलीत तर ती पार्किंगच्या इमारतीत ठरलेल्या जागी येते. दारातच "कोकण? कोकण?" करत अंगावर येणाऱ्यांना नमस्कार करून पुढे व्हा.

रस्त्याने जायचे झाले तर

मुंबई-गोवा महामार्ग, क्रमांक ६६. याचे रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, आणि त्यावरचे विनोद आता रस्त्यापेक्षा लांब झाले आहेत. खरे सांगायचे तर बराच भाग आता चांगला झाला आहे. पोलादपूर आणि खेडच्या मधल्या कशेडीच्या बोगद्याने घाटातला वेळ वाचतो. रखडते ते अलीकडे, इंदापूर आणि माणगावच्या गावातून जाताना. शुक्रवारी रात्री किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी तिथे तासभर सहज जातो. सिंधुदुर्गात जाणारे कित्येक जण म्हणून पुण्यावरून कोल्हापूर गाठतात आणि फोंडा, करूळ किंवा आंबोली घाटाने खाली उतरतात. अंतर वाढते, डोके शांत राहते. घाट मात्र दिवसा उतरा.

एसटीच्या आणि खासगी ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या गाड्या मुंबई, ठाणे, पनवेलहून आहेत. स्वस्त पडतात आणि तिकीट आयत्या वेळीही मिळू शकते. एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. ज्येष्ठांची सवलतही आहे, पण ओळखपत्रावर पत्ता महाराष्ट्रातला हवा. खासगी गाडी ठरवताना विचारा, ती गावात जाते की महामार्गावर सोडते. रत्नागिरीसाठी हातखंब्याच्या तिठ्यावर, मालवणसाठी कसालला, देवगडसाठी नांदगावला उतरवून गाडी पुढे निघून जाते, आणि पहाटे चारला त्या तिठ्यावर तुम्ही, तुमच्या बॅगा आणि दोन कुत्री एवढेच असता. तिथे येणारी रिक्षा आदल्या रात्री पक्की केलेली असली पाहिजे.

आता ड्रायव्हरचे. गावाहून गाडी बोलावून, घरची चार माणसे घेऊन सहारला घ्यायला यायचे, हा कोकणातला जुना सोहळा आहे आणि त्यातले प्रेम खरे असते. पण गणित मांडा. ड्रायव्हर दुपारी मालवणहून निघतो, रात्री पोचतो, विमान दोनला उतरते, तुम्ही साडेतीनला बाहेर येता आणि तो लगेच परत पाचशे किलोमीटर हाकायला लागतो. चोवीस तासांत त्याला झोप किती? मागे सगळी माणसे गाढ झोपलेली, आणि जागा राहण्याची जबाबदारी सर्वांत दमलेल्या माणसावर. गावची गाडी आणायचीच असेल तर ड्रायव्हरला आदल्या दिवशी बोलावून त्याच्या झोपायची सोय करा, किंवा दोन ड्रायव्हर सांगा, किंवा तुम्ही रेल्वेने या आणि गाडी फक्त स्टेशनावर बोलवा. तिसरा पर्याय मला सर्वांत पटतो. भाडे ठरवताना टोल, पार्किंग, ड्रायव्हरचे जेवण आणि परतीचा रिकामा फेरा धरला आहे का ते विचारून घ्या. गाडी पिवळ्या पाटीचीच हवी. अपघात झालाच तर विम्याचा प्रश्न येतो.

अलिबाग आणि खाड्या

अलिबागचा मामला वेगळा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तिच्यात गाडीही चढते. गेटवेवरून लहान बोटी सुटतात, त्या पावसाळ्यात बंद असतात. अटल सेतू जानेवारी २०२४ पासून सुरू झाल्यावर रस्त्यानेही अंतर आटोक्यात आले आहे. पहाटे उतरणाऱ्याने सरळ टॅक्सी करावी आणि अलिबागला नाश्ता करावा.

किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्यांच्या वाटेत खाड्या येतात आणि त्यांवर फेरीबोटी आहेत: आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गाडीसकट पलीकडे नेतात आणि तासा-दोन तासांचा वळसा वाचवतात. फोनवरचा नकाशा तुम्हाला बोट रात्री चालू असल्यासारखा रस्ता दाखवतो. शेवटची फेरी कधीची ते स्थानिक माणसालाच विचारा, आणि ती चुकली तर करायचा वळसाही मनात ठेवा.

पाऊस आणि गणपती

कोकण रेल्वेचे वेळापत्रक पावसाळ्यात बदलते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दरडींच्या धोक्यामुळे गाड्यांचा वेग कमी केला जातो, काही गाड्यांच्या सुटायच्या वेळाही बदलतात, आणि वंदे भारतचे दिवस कमी होतात. मे महिन्यात बघून ठेवलेली वेळ जुलैत चालत नाही. या काळात मार्ग तासन्‌तास बंद राहू शकतो, तेव्हा एक मोकळा दिवस हाताशी ठेवा. किल्ल्यावर जाणाऱ्या बोटी, स्कूबा, सगळे बंद असते. हिरवेगार कोकण बघायचे असेल तर मात्र याहून चांगला काळ नाही.

गणपतीत आखणीचे सगळे नियम मोडतात. आरक्षण उघडल्यावर काही मिनिटांत गाड्या भरतात, नंतर विशेष गाड्या जाहीर होतात, त्यांच्यावर डोळा ठेवावा लागतो. पहिल्यांदाच कोकणात येणाऱ्याने, घरचा गणपती नसेल तर, चतुर्थीच्या आसपास येऊ नये असे मी स्पष्ट सांगतो. नवरात्र उलटल्यावर या. शिमगा आणि मे महिनाही गर्दीचेच, पण निभावते.

फोन, पैसे, पासपोर्ट

भारतातले सिम नसेल तर विमानतळावरच अर्ध्या गोष्टी अडतात, कारण वाय-फायलाही ओटीपी आणि टॅक्सीच्या अ‍ॅपलाही ओटीपी. जुने भारतीय सिम चालू ठेवलेले असेल तर सोने समजा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. घाटात आणि खाडीकाठी रेंज जाते. यजमानांचा आणि रिक्षावाल्याचा नंबर कागदावरही लिहा. रोख पैसे बरोबर हवेत, पाचशेच्या कोऱ्या नोटा नव्हे, शंभर-पन्नासच्या. यूपीआय टपरीवरसुद्धा चालते, पण तुमच्या फोनवर ते नसेल तर त्याचा उपयोग काय?

बरोबर परदेशी पासपोर्टचे कोणी असेल, जोडीदार किंवा मित्र, तर मुक्कामाच्या जागी आधी सांगा. परदेशी पाहुण्याची नोंद यजमानाला २४ तासांत सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. लहान घरगुती मुक्कामांपैकी काहींकडे ती व्यवस्था नसते आणि ते दारात नाही म्हणतात. रात्री आठला, खाडीच्या टोकाला, हे ऐकायची पाळी नको.

एक पूर्ण आखणी करून बघू

समजा नोव्हेंबर महिना आहे, विमान रात्री दीडला टर्मिनल २ वर, जायचे मालवणला, बरोबर आई आणि तीन बॅगा. साडेतीनपर्यंत बाहेर. जनशताब्दी ठाण्याला सहाच्या आत असते; अंतर अडीच तासांचेच राहते, विमान लांबले तर संपले. म्हणून मांडवी, ठाण्याहून आठच्या सुमारास. मधला वेळ टर्मिनलच्या आतच बसून काढा, चहा घ्या, सिम घ्या. साडेपाचला टॅक्सी, साडेसहाच्या आत ठाणे. मांडवी दुपारी चारच्या आसपास कुडाळला. बाहेर ओळखीची रिक्षा किंवा गाडी, आणि दिवे लागायच्या आत मालवण. आईला इतका वेळ बसवत नसेल तर ठाण्यात हॉटेल घेऊन दिवसभर झोपा आणि रात्रीची कोकणकन्या ठाण्याहूनच धरा. खर्च वाढेल, पण सकाळी आठला उतरताना माणूस ताजा असतो.

हेच विमान आणि गुहागर असेल तर मांडवीने चिपळूणला दुपारी पोचून एसटीने उजेडात घर गाठता येते.

परतीचे तिकीट याच बैठकीत काढा. येताना गाडी चुकली तर एक रात्र मुंबईत जाते, जाताना चुकली तर विमान जाते. मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी त्याच दिवशीच्या दुपारच्या गाडीवर अवलंबून राहू नका. आदल्या दिवशी मुंबई गाठा, पावसाळ्यात तर दोन दिवस आधी. आणि निघताना गावची मंडळी जे काही बॅगेत कोंबतात, त्याचे वजन घरीच काट्यावर करून घ्या. कोकम आगळाच्या बाटल्या हातातल्या सामानात चालत नाहीत.